झोळ्यांच्या मांडवातले दोन पहारेकरी

हे सगळं सुरू झालं ते कामावरच्या माझ्या पहिल्या दिवशी, सकाळी बरोबर सव्वाआठ वाजता. वेळ पक्की आठवते, कारण पाथर्डीची पहिली एसटी खालच्या रस्त्यानं धुरळा उडवत गेली, आणि त्याच वेळी मी माझ्या सहा महिन्यांच्या पोरीची झोळी मांडवाच्या वाशाला बांधून गाठ पुन्हा पुन्हा ओढून बघत होते.

गेल्या साली दुष्काळात आमच्या गावाला पाझर तलावाचं सरकारी काम निघालं होतं. खडी फोडायला बसलं की हात चालतात आणि तोंडं मोकळी. त्यामुळं प्रत्येकीच्या पुढं दोन ढीग साचायचे, एक खडीचा आणि एक किस्स्यांचा. खडीचा ढीग मापून, टेम्पोत भरून घेऊन गेले. किस्स्यांचा तसाच पडलाय! म्हटलं, पोरगी झोपलीय तोवर आपणच उचलावा.

माझं माहेर पुणतांब्याचं, गोदाकाठचं. पाणी म्हणजे काय ते बघितलेलं. सासर मात्र ह्या खडकात. सातवीपर्यंत शिकले म्हणून कामावर मला सगळे 'मास्तरीण' म्हणायचे. मालक बैलं घेऊन गुरांच्या छावणीवर गेलेले, घरात वडीलधारं कुणी नाही. माझं पहिलं मूल तापात गेलं होतं. तेव्हापासून ही पोरगी जागी असली तरी मला भीती, झोपली तरी भीती! हातोडा खडीवर आणि मान मांडवाकडं. मुकादम म्हणायचा, "मास्तरीणबाई, खडी हितं हाय. तिकडं बघून फुटत न्हाई ती!"

मांडव म्हणजे लिंबाखाली बांधलेली गोणपाटं. त्याखाली आम्हा सगळ्या लेकुरवाळ्यांच्या झोळ्या. दार नाही, कुडाची भिंत नाही, अगदी शिंगणापूरच्या घरांसारखं. फरक एवढाच, की तिथं राखणीला शनिदेव आहेत. आमच्याकडं दोन म्हातारी माणसं होती. बायजाआक्का आणि तात्या!

* * *

आधी बायजाआक्काला काम कसं लागलं ते सांगते.

मुकादमाचा नियम होता. म्हाताऱ्या माणसानं भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन खुणेच्या दगडापर्यंत जाऊन दाखवायचं. जमलं तर काम, नाही तर घरी. आक्काची दोन्ही मुलं बायकापोरांसकट ऊसतोडीला कोपरगावकडं गेलेली. ज्यांना कोयता धरता येतो ती माणसं गेली, ज्यांना येत नाही ती गावात राहिली. तिनं घरी बसून खायचं काय? खडक?

म्हणून आक्कानं युक्ती केली. दिव्याची काजळी तेलात कालवली आणि सगळं डोकं काळंभोर करून लाईनीत उभी राहिली. घमेलं उचललं, दगडापर्यंत नेलं, परत आणलं. आम्ही सगळ्या श्वास धरून बघतोय. पण ऊन चढलं, घाम सुटला, आणि कपाळावरून, कानामागून काळे ओघळ खाली यायला लागले. गळ्यातला काळा दोरा दिसेना, एवढा गळा काळा!

मुकादम हसून म्हणाला, "आजी, तुमची जवानी गळाया लागली की!"

आक्का म्हणाली, "गळू द्या. खालनं दुसरी निघंल!"

लाईन अशी हसली की मुकादमाला नाही म्हणवेना. म्हणाला, "जा, पोरं संभाळा."

* * *

तात्यांना घमेलं उचलावं लागलं नाही.

तात्या म्हणजे गावातले बागायतदार. आक्काचा मेलेला नवरा आणि तात्या चुलतभाऊ, एकाच आज्याची नातवंडं. वाटणीत विहीर तात्यांकडं गेली आणि खडक आक्काकडं. दुष्काळात विहीरही आटली, तेव्हा तात्यांची सुना-मुलं कामावर आली, आणि घरी बसून करमेना म्हणून तात्याही आले. छत्री, घोंगडी, जाड भिंगांचा चष्मा, सगळं घेऊन आले. मुकादम उठून उभा राहिला, "तात्या, तुमी कशाला उन्हात? सावलीला बसा. लाल बावटा संभाळा."

बावट्याचं काम जोखमीचं. खाली नाल्यात खडक लागला होता. तिथं रोज दुपारी सुरुंगाचे बार उडायचे. बार व्हायच्या आधी आम्ही सगळी पलीकडच्या मातीच्या ढिगाऱ्यामागं जाऊन बसायचो. मांडव वर, लांब होता, तिथवर दगड येत नसे. तात्यांनी मांडवाशेजारी उंचावर उभं राहून बावटा धरायचा. बावटा वर, तोवर कुणी हलायचं नाही. बावटा खाली, की परत यायचं.

आता गंमत ऐका. तात्यांना ऐकू येत नव्हतं. थोडं नाही, अजिबातच! पण बागायतदार माणसाला बहिरा कोण म्हणणार? तात्यांनीही तोड काढली होती. कुणाचे ओठ हलताना दिसले की मान डोलवायची आणि म्हणायचं, "बराबर हाय!"

"तात्या, आज ऊन लई हाय."

"बराबर हाय!"

"तात्या, यंदा पाऊस पडंल का?"

"बराबर हाय!"

एकदा मुकादमानं विचारलं, "तात्या, तुमाला ऐकू येतं ना?"

"बराबर हाय!" तात्या म्हणाले. मुकादम खूश होऊन गेला!

* * *

दोघं दिवसभर एका मांडवात, आणि एकमेकांशी एक शब्द बोलत नसत.

भांडण नव्हतं. रीत होती. तात्या आक्काचे थोरले दीर. आमच्याकडं थोरल्या दिरासमोर बाई पदर पुढं ओढते, तोंडानं बोलत नाही, नाव तर घेतच नाही. आक्काचं वय सत्तरीच्या घरात असेल, पण रीत म्हणजे रीत. काही सांगायचं झालं तर ती मांडीवरच्या पोराला सांगायची. "बाळा, तुझ्या आज्याला सांग, माठ सावलीला सरकवा म्हनावं."

बाळ चार महिन्यांचं, ते काय सांगणार? तात्या बहिरे, ते काय ऐकणार? मग आमच्यापैकी जी दूध पाजायला आलेली असेल तिनं तात्यांपुढं जाऊन हातवारे करायचे. तेव्हा कुठं माठ सरकायचा!

दुपारी भाकरी खायला बसलं की आणखी मजा. सरकारनं वाटलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी गार झाली की चामड्यासारखी व्हायची. आक्काच्या तोंडात दात नाहीत. ती भाकरी पाण्यात भिजत घालायची आणि भिजेपर्यंत पोरांना झोके द्यायची. तात्यांनी मात्र नगरहून कवळी करून आणलेली, पांढरीशुभ्र. पण ती त्यांना टोचायची. म्हणून माणसांत हिंडताना घालायचे आणि जेवताना काढून टोपीत ठेवायचे!

आक्काला हे कुणीतरी सांगितलं. तिनं माझ्या पोरीच्या कानाशी तोंड नेलं. "बाई गं, तुझ्या आज्याला ईचार, दात टोपीत ठेवून काय करायचं? जेवायच्या टायमाला आमाला द्या म्हनावं. धुऊन परत करू!"

आम्हाला हसून ठसका लागला. तात्यांना आमचे ओठ दिसले असणार. मान डोलवून म्हणाले, "बराबर हाय!"

* * *

मी तेव्हा हसले खरी, पण एक गोष्ट मनात रुतली होती. तात्यांनी कवळी काढून ठेवली हे आक्काला कुणीतरी *सांगावं* का लागलं? हातभर तर अंतर.

दोन दिवसांनी मी दूध पाजायला गेले. मांडवाच्या मेढीवर, म्हणजे खांबावर, काळा विंचू होता, वीतभर अंतरावर माझ्या पोरीची झोळी. आणि आक्का झोका थांबवायला नेमका त्याच मेढीकडं हात नेत होती!

मी दगड उचलला आणि मेढीवर घातला. विंचू खाली पडला, मी ठेचला. आक्का म्हणाली, "काय मारलंस गं?"

काय मारलं ते तिच्या पायाशी पडलं होतं.

मी तिच्या समोर बसले, श्वास बंद केला आणि तिच्या डोळ्यांपुढं हळूच हात हलवला.

आक्का म्हणाली, "हात खाली घे. वारा लागतुया."

मी रडायलाच लागले. "आक्का, तुमाला दिसत न्हाई! किती दिस झालं?"

"उजेड कळतो. मानूस कळतं. कोन ते आवाजावर कळतं."

"आन् विंचू?"

आक्कानं झोळीला एक झोका दिला. म्हणाली, "सुनबाई, माझ्या हातातनं पोर पडलंय का कधी? भुकेचं रडनं आन् पोटदुखीचं रडनं तुमा आयांच्या आदी मला कळतं. बार हुताना तर एकेकाच्या पोटावर हात ठिवून असते. पोर दचकतं. हात असला की दम धरतं."

खरं होतं. पण विंचूही खरा होता.

* * *

त्याच आठवड्यात पोरांना लस टोचायला डॉक्टर आला, जीपमधून. तरुण होता, चांगला होता. पोरांना टोचून झालं, बाकीच्या बाया खडीकडं परतल्या, मी तेवढी पोरीपाशी राहिले, तेव्हा तो म्हाताऱ्यांकडं वळला. आक्काची पापणी वर केली आणि म्हणाला, "आजी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चांगला पिकलाय!"

आक्का म्हणाली, "पिकलाय व्हय? ह्या साली शिवारात पिकलं ते एवढंच!"

डॉक्टर हसला. मग म्हणाला, नगरला मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करून घ्या, सोपं असतं, नंतर चष्मा लागेल. त्यानं तात्यांकडं बोट दाखवलं. "ह्या बाबांचं झालंय, बघा. तोच आजार. कसे फिट आहेत!"

तोच आजार, हे खरंच. एकाच आज्याची घरं, शेजारी शेजारी ओटे. तात्यांना मुलानं गाडीत घालून नेलं होतं, सून डबा घेऊन उशाशी बसली होती, आणि महिनाभर त्यांनी घरात पडून तूपभात खाल्ला होता. आक्काला कोण नेणार? उशाशी कोण बसणार? आणि ती नगरला पडून राहिली की मांडवात दुसरी कुणी बसणार, मग परत आल्यावर तिला काम कोण देणार? मुलं उसाच्या फडात, त्यांना तर निरोपही धड पोचत नव्हता.

डॉक्टरनं विचारलं, "मग कधी येता नगरला?"

आक्का म्हणाली, "तुमी हितं येता तसंच त्या दवाखान्याला बी एकदा जीपमदी घालून आना की!"

जीप गेली. मुकादम तेव्हा पाणी भरायच्या टँकरकडं होता, म्हणून त्याला डोळ्यांचं काही कळलं नाही. आक्कानं मला हाक मारली, हळू. "मास्तरीन, मुकादमाला बोलू नगं."

"मी न्हाई बोलनार, आक्का. पर..."

ते 'पर' तिला कळलं.

* * *

रात्रभर मी त्या विंचवाचाच विचार केला. सकाळी मांडवात गेले आणि एका दमात सांगून टाकलं. "आक्का, आजचा दिस हितं ठिवते. उद्यापासून माझ्या पोरीची झोळी मी खडीजवळ बांदीन. फडक्याची सावली करीन."

आक्का झोळीची दोरी चाचपत होती. गाठ बघत होती, मी बघते तशीच.

"उन्हात पोर करपंल," ती म्हणाली.

"माझ्या डोळ्यापुढं तर राहील."

"तू शिकलेली. तू नेलीस की बाकीच्या ईचारतील, का नेली? मग त्या बी नेतील. झोळ्याच न्हाई राहिल्या तर मुकादम मला कशाला ठिवील?"

ती चिडली असती, मला टोचून बोलली असती, तर बरं वाटलं असतं. तिनं पोरीला माझ्याकडून घेतलं, तिच्या पायाचे तळवे दोन्ही हातांत धरून ऊब दिली आणि झोळीत घातलं.

"आजचा दिस तर माझा हाय ना?" एवढंच म्हणाली.

* * *

आणि त्याच दिवशी दुपारी ते झालं.

नाल्यात पाच बार भरले होते. "पाच बार हाय! पाच!" अशी आरोळी उठली, शिट्टी झाली, आम्ही सगळी ढिगाऱ्यामागं जाऊन बसलो. वर तात्या बावटा उभारून उभे. मांडवात आक्का आणि पोरं. मी नेहमीसारखी सगळ्यांच्या पुढच्या टोकाला बसले, कारण बावटा खाली आला की पहिली मीच पळायची. परतीची वाट नाल्याच्या काठावरूनच होती.

धडाम! एक. दोन. मग दोन लागोपाठ. त्यात डोंगरानं आवाज परतून दिला. धुरळा एवढा उठला की नाला दिसेना.

"झालं का पाच?" मुकादमानं विचारलं.

"झालं, झालं," मागून कुणीतरी म्हणालं.

"चारच वाटलं मला."

"अगं पाच! शेवटचं दोन जोडीनं आलं."

सगळ्यांनी वर बघितलं. शेवटी खरा तो बावटा. तात्यांना ऐकू येणार नव्हतं, पण डोळे चांगले होते ना? ते धुरळ्याचे लोट मोजायचे. त्या दिवशी हादऱ्यानं नाल्याची एक दरड आपोआप ढासळली, तिचाही लोट उठला. तात्यांनी पाच लोट मोजले आणि बावटा खाली केला.

मी पळाले.

मागून सगळ्या बाया निघाल्या. मी काठाजवळ पोचले होते. पायाखाली उडालेले दगड, अजून गरम. आमच्या पळण्याची चाहूल लागली असणार, वर मांडवातून आक्काचा आवाज आला. "थांबा! येऊ नका!" पण आक्का दिवसभर कुणा ना कुणा पोराला ओरडतच असायची. कुणी थांबलं नाही. मीही थांबले नाही. मला वाटलं, माझ्या पोरीला काहीतरी झालं! मी उलट जास्तच पळाले.

मग मला वर ते दिसलं.

आक्का मांडवातून बाहेर आली होती. एका हातात माझी पोर, छातीशी धरलेली. पदर खांद्यावरून खाली लोळतोय, डोकं उघडं, पांढरे केस उन्हात. दुसरा हात पुढं करून ती चाचपतेय. तात्या तिला पाठमोरे होते. तिच्या हाताला त्यांची घोंगडी लागली, मग दंड, मग मनगट. आणि ते मनगट तिनं घट्ट धरलं, बावट्यासकट वर उचललं, आणि उचलूनच धरलं!

तात्या मागं वळले. तोंड उघडंच. त्यांची कवळी खाली पडली, खरंच पडली! आयुष्यात कधी ज्या बाईचा चेहरा बघितला नाही ती त्यांचा हात धरून उभी होती.

वाटेवरच्या सगळ्या बाया जागच्या जागी थबकल्या. बावट्याला बघून नाही. आक्कानं थोरल्या दिराचा हात धरला, हे बघून!

"अगं बाई!" मागून कुणीतरी म्हणालं. "आक्काला येड लागलं!"

मीही थांबले. एक पाय पुढं, एक मागं.

आणि पाचवा बार उडाला.

माझ्यापुढं, मी जिथं वीस-पंचवीस पावलांत पोचले असते तिथं, जमीन उठली. मी खाली पडले. कानात नुसती शीळ. माती पडायची थांबली तेव्हा मी हात-पाय चाचपले. सगळे होते. मागं रडारड सुरू झाली होती, पण कुणालाही लागलं नव्हतं, एकीलाही नाही.

मी वर कशी चढले ते आठवत नाही. तात्या तिथंच उभे होते, आपल्या मनगटाकडं बघत. बावटा अजून वरच धरलेला. मुकादम धापा टाकत आला आणि ओरडला, "कुनी मोजलं? चार झाले हे कुनी मोजलं?"

आक्कानं एव्हाना पदर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढून घेतला होता. तात्यांकडं पाठ केली. माझ्या पोरीच्या पोटावर हात ठेवला, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली,

"बाई गं, तुझ्या आज्याला सांग, पोर चारदाच दचकलं हुतं. आन् तुझ्या आईला बी सांग, उद्याची झोळी तिला वाटंल तितं बांदू दे."